सिंधुदुर्ग जिल्हा : लोकसंख्या, किनारा आणि माणसे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सिंधुदुर्गविषयी विचारणा करणाऱ्यांत अभ्यासासाठी आकडे हवे असलेले विद्यार्थी असतात, किनाऱ्यावर घर बांधू पाहणारे असतात आणि आजोळ इथले असूनही गाव फक्त गणपतीत पाहिलेले मुंबईकरही असतात. त्यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. लोकसंख्येचे सर्व आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत; अन्य वर्षाचा आकडा असल्यास तेथे तसे नमूद केले आहे.

१. सिंधुदुर्ग जिल्हा नेमका कुठे आहे आणि तो कधी झाला?

महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा अगदी दक्षिणेकडचा तुकडा, ज्याला बोलीत तळकोकण म्हणतात, तो म्हणजे हा जिल्हा. उत्तरेला रत्नागिरी, दक्षिणेला गोवा, पूर्वेला सह्याद्री आणि पश्चिमेला अरबी समुद्र अशा त्याच्या सीमा आहेत. १ मे १९८१ रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला आणि मालवणच्या समुद्रातल्या शिवकालीन जलदुर्गाचे नाव त्याला मिळाले. क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर असून देवगड, मालवण, वेंगुर्ला, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, वैभववाडी व दोडामार्ग असे आठ तालुके आहेत. जिल्ह्याचे मुख्यालय ओरोस येथे, म्हणजे सिंधुदुर्गनगरीत आहे.

२. जिल्ह्याची लोकसंख्या किती आहे?

८,४९,६५१. त्यांपैकी ४,१७,३३२ पुरुष आणि ४,३२,३१९ स्त्रिया. राज्याच्या सर्व जिल्ह्यांत हा आकडा सर्वांत लहान आहे. दर चौरस किलोमीटरला १६३ माणसे राहतात. संपूर्ण महाराष्ट्राची घनता ३६५ आहे. साक्षरता ८५.५६ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा अधिक आहे.

३. सगळीकडे लोकसंख्या वाढत असताना इथली कमी कशी झाली?

२००१ मध्ये जिल्ह्यात ८,६८,८२५ लोक होते. दहा वर्षांत त्यांतले १९,१७४ कमी झाले, म्हणजे २.२१ टक्के घट झाली. त्याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. घट झालेले जिल्हे राज्यात तीनच होते : मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. मुंबई शहरातली माणसे उपनगरांत आणि त्यापलीकडे सरकली. कोकणातल्या या दोन जिल्ह्यांतली माणसे मात्र जिल्हा सोडून गेली.

जाण्याची ही रीत नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि तळकोकणातला तरुण बोटीने मुंबईला जाऊ लागला. मालवण, वेंगुर्ला, देवगड आणि विजयदुर्ग ही या बोटींची बंदरे होती. मुंबईत तो गावकीच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत राही, खानावळीत जेवे आणि महिन्याच्या महिन्याला घरी मनीऑर्डर करी. कारण इथल्या जमिनीतच होते. कातळाचे सडे (खडकाळ पठारे), डोंगरउताराचे अरुंद तुकडे आणि बहुतेक ठिकाणी पावसाळ्यातले भाताचे एकच पीक एवढ्यावर भावाभावांत वाटल्या गेलेल्या शेतीतून वर्षाचे पोट भरत नसे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे युग ओसरले, तरी जाणे थांबले नाही. फक्त जाण्याची ठिकाणे बदलली. आता पुणे आहे, गोवा आहे, आखाती देश आहेत, बोटीवरची नोकरी आहे.

याला दुसरी बाजू जन्मदराची. शिक्षण लवकर पोहोचलेल्या या भागात कुटुंबे लहान आहेत, आणि मुले होण्याच्या वयातली बरीच जोडपी बाहेरगावी असल्यामुळे त्यांची मुलेही बाहेरच जन्मतात. १९९१ ते २००१ या दशकातही जिल्ह्याची वाढ जेमतेम साडेचार टक्क्यांच्या आसपास होती, त्यामुळे २०११ चा उणे आकडा नीट पाहणाऱ्याला अनपेक्षित नव्हता.

४. इथे पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त आहेत, म्हणजे मुली जास्त जन्मतात का?

नाही. हा गैरसमज वारंवार आढळतो आणि तो दूर करणे आवश्यक आहे. जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया आहेत (२००१ मध्ये १,०७९ होत्या), तर राज्यात ९२९. मात्र सहा वर्षांखालच्या मुलामुलींचे प्रमाण वेगळे काढले, तर इथेही मुलींची संख्या हजाराच्या खालीच आहे. एकूण आकड्यातले स्त्रियांचे आधिक्य हे मुख्यतः कमावत्या वयातले पुरुष बाहेर गेल्यामुळे आणि वृद्धांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असल्यामुळे दिसते. १,०७९ वरून १,०३६ वर आलेले प्रमाणही एकट्या पुरुषांच्या हालचालीने झालेले नाही. या दहा वर्षांत पुरुषांची संख्या जवळपास होती तेवढीच राहिली. कमी झाल्या त्या स्त्रिया. पूर्वी नवरा एकटा जाई आणि बायको सासूसासऱ्यांजवळ राही; आता संपूर्ण कुटुंबच उठून जाते, हे त्यामागचे मोठे कारण आहे.

या आकड्याला नुसते गुणोत्तर म्हणून पाहू नये, असे आम्हांला मनापासून वाटते. पुरुष मुंबईत असताना तरवा (भाताची रोपे) काढणे, लावणी, कापणी, गुरे, म्हाताऱ्यांचे आजारपण, मुलांची शाळा आणि देवाचे कार्य हे सारे घरातल्या बाईने केले. तळकोकणची शेती टिकली ती या बायकांमुळे, आणि सातबाऱ्यावर त्यांचे नाव मात्र फार उशिरा लागले.

५. चाकरमानी म्हणजे कोण, आणि त्यांची गणना गावात होते की मुंबईत?

चाकरीसाठी मुंबईला गेलेला, पण गावचे घर, देव आणि भावकी न सोडलेला माणूस म्हणजे चाकरमानी. जनगणना त्याला तो राहतो तेथेच मोजते. २०११ मध्ये प्रत्यक्ष शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली; त्या संपूर्ण काळात जो गावी नव्हता आणि येणारही नव्हता, त्याची नोंद मुंबईच्या खोलीत झाली, गावच्या घरात नाही. त्यामुळे गणेशचतुर्थीला भरलेली वाडी पाहून जिल्ह्याच्या लोकसंख्येचा अंदाज करणारा आणि फेब्रुवारीतला आकडा वाचून गावाचा अंदाज करणारा, असे दोघेही अर्धेच पाहतात.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी कणकवली किंवा कुडाळ स्थानकावर उभे राहिले की हे समजते. पहाटेच्या गाडीतून उतरलेल्या माणसांच्या हातात पिशव्या, डोक्यावर खोके आणि बरोबर मराठी शाळेचे तोंडही न पाहिलेली नातवंडे असतात. वर्षभर शेजारच्या काकींनी ज्या घराच्या तुळशीपुढे दिवा लावला, त्या घराचे कुलूप त्या दिवशी निघते, गणपतीच्या वर रानातल्या फळापानांची माटवी बांधली जाते आणि सात-आठ दिवसांनी विसर्जन आटोपले की तीच किल्ली पुन्हा काकींच्या हाती येते. बंद घरांच्या कागदोपत्री प्रश्नांसाठी प्रश्न १२ पाहावा.

६. संपूर्ण जिल्हा समुद्रकिनाऱ्यावरच वसलेला आहे का?

नाही. समुद्र लाभला आहे तो देवगड, मालवण आणि वेंगुर्ला या तीनच तालुक्यांना. किनारा सुमारे १२१ किलोमीटर लांब असून उत्तरेला वाघोटनची, म्हणजे विजयदुर्गची खाडी आणि दक्षिणेला तेरेखोलची खाडी या त्याच्या दोन कडा आहेत. कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, तोंडवळी, तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती, वायंगणी, सागरेश्वर, मोचेमाड, शिरोडा आणि रेडी ही किनाऱ्यावरची ठिकठिकाणची नावे. दोन पुळणींच्या (वाळूच्या किनाऱ्यांच्या) मध्ये डोंगराची सोंड समुद्रात उतरते, त्यामुळे शेजारच्या गावाला जाण्यासाठी पूर्वी होडी हाच जवळचा मार्ग असे.

किनाऱ्यापासून आत सरकले की आंब्याकाजूच्या बागांचे सडे लागतात, मग भातशेतीची मळी, आणि शेवटी आंबोलीसारखी घाटमाथ्याची गावे, जेथे पाऊस राज्यातल्या सर्वाधिक पावसांत मोडतो. वैभववाडी किंवा दोडामार्गच्या माणसाला ‘तुम्ही समुद्राजवळचे’ म्हटले तर ते त्याला पटत नाही, आणि ते योग्यच आहे.

७. जिल्ह्यातले मोठे शहर कोणते?

रूढ अर्थाने मोठे शहर नाही. २०११ मध्ये एक लाख वस्तीचे एकही शहर जिल्ह्यात नव्हते आणि शहरी लोकसंख्या फक्त १२.५९ टक्के होती. सावंतवाडी, मालवण व वेंगुर्ला या जुन्या नगरपालिका. कणकवली आणि कुडाळ ही महामार्ग व रेल्वेमुळे वाढलेली बाजाराची गावे.

८. किनाऱ्यावर कोणते लोक राहतात?

मासेमारी करणारा गाबीत समाज हा किनाऱ्याचा मुख्य रहिवासी. माडाच्या बागांशी आणि माडी काढण्याच्या व्यवसायाशी जोडलेला भंडारी समाजही किनारपट्टीत मोठा आहे. त्यांच्याबरोबर मराठा, गौड सारस्वत व कुडाळदेशकर ब्राह्मण, वैश्यवाणी, देवळी, बौद्ध, मुस्लिम आणि रोमन कॅथलिक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मालवण, वेंगुर्ला आणि सावंतवाडी येथील ख्रिस्ती वस्ती जुनी असून २००५ मध्ये सिंधुदुर्गचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

या किनाऱ्याचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायच्या जाळ्याची मासेमारी पाहावी. जाळ्याच्या दोरीचे एक टोक वाळूवर माणसांच्या हाती ठेवून होडी समुद्रात जाते, अर्धवर्तुळात जाळे सोडत येते आणि दुसरे टोक काही अंतरावर किनाऱ्याला आणून देते. मग दोन रांगा दोन्ही दोऱ्या ओढू लागतात. कमरेला दोर अडकवून, टाचा वाळूत रोवून, एकेक पाऊल मागे सरकत माणसे ओढत राहतात. शेवटचा गडी मागे पोहोचला की दोर सोडून पाण्याकडे जातो आणि पुन्हा रांगेच्या तोंडाशी लागतो. दोन रांगा हळूहळू जवळ येतात, जाळ्याचा घेर लहान होतो, वर पक्ष्यांचा कल्ला वाढतो आणि तारली, बांगडे, पेडवे वाळूवर चमकू लागतात. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात : जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा. रापण एका घराची नसते, ती रापणसंघाची असते, आणि म्हणूनच ज्या वाडीतली तरुण माणसे निघून गेली तेथे रापण आधी थांबते. दोर ओढायला पुरेसे हात नसले तर जाळे असून उपयोग होत नाही.

मासळीचा अख्खा थवा वेढून घेणारी यांत्रिक पर्ससीन जाळी आणि प्रखर दिव्यांच्या उजेडातली मासेमारी यांविरुद्ध इथल्या पारंपरिक मच्छीमारांनी दीर्घकाळ लढा दिला आहे. २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले. अंमलबजावणीत कसूर झाली की तिचा फटका सर्वांत आधी रापणकराला बसतो.

९. इथले लोक कोणती भाषा बोलतात? मालवणी ही मराठी की कोंकणी?

शाळा, कचेरी आणि वर्तमानपत्र यांची भाषा मराठी. घरची, बाजारातली आणि भांडणाची भाषा मालवणी. मालवणीचे रूप मराठी आणि कोंकणी या दोहोंशी जवळचे आहे आणि तिला कोणत्या बाजूला बसवावे यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. बोलणाऱ्यांना हा वाद सहसा पडत नाही. देवगडकडून दोडामार्गकडे जाताना बोली पावलापावलाने बदलते आणि बांद्याच्या पुढे ती गोव्याच्या कोंकणीत मिसळून जाते. जत्रेच्या रात्री देवळासमोर होणारे दशावतारी नाटक लिखित संहितेविना उभे राहते, आणि प्रेक्षक त्यात पुराणकथेइतकाच संवादांतल्या हजरजबाबीपणाचा आनंद घेतात.

१०. ‘पर्यटन जिल्हा’ झाल्यामुळे लोक परत येऊ लागले आहेत का?

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. असा दर्जा मिळालेला तो देशातला पहिला जिल्हा होय. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले. तारकर्ली, देवबाग आणि मालवण येथे याचा परिणाम उघड दिसतो. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर घराघरांत निवास-न्याहारीची सोय झाली आहे, मच्छीमारांची मुले स्कूबा डायव्हिंगची सफर घडवतात आणि घरातल्या बायका पर्यटकांसाठी कोंबडीवडे व माशाचे जेवण करतात. या पट्ट्यातल्या काही तरुणांनी मुंबईची वाट धरली नाही, हे खरे आहे.

परंतु पर्यटनाचा लाभ किनाऱ्याच्या मोजक्या गावांना मिळाला. पावसाळ्यात समुद्रातला व्यवसाय बंद राहतो (१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीवरही बंदी असते), आणि किनाऱ्यापासून वीस किलोमीटर आत असलेल्या वाडीत पर्यटक क्वचितच पोहोचतो. जिल्ह्याची घट एकट्या पर्यटनाने थांबेल असे मानणे आमच्या मते चुकीचे आहे. काजूप्रक्रिया, आंबा आणि कोकम यांवर आधारित वर्षभराचा रोजगार त्याला जोडावा लागेल.

११. इथून लोक जातात, तसे बाहेरून कोणी येत नाही का?

येतात. देवगडच्या आंबाबागांत राखणीला आणि कामाला नेपाळी कुटुंबे राहतात, यांत्रिक नौकांवर परप्रांतीय खलाशी असतात आणि बांधकामावर कर्नाटकातून आलेले गवंडी दिसतात. फेब्रुवारीत बागेच्या मालकाची गणना मुंबईत आणि बागेच्या राखणदाराची गणना देवगडात व्हावी, असे त्यामुळे घडू शकते.

उलट, दोडामार्ग आणि बांदा परिसरातला जो तरुण रोज सकाळी दुचाकीवरून गोव्यात कामाला जातो आणि रात्री घरी परततो, तो स्थलांतरित ठरत नाही. त्याची गणना त्याच्या गावातच होते. या भागाचा गोव्याशी व्यवहार फार निकटचा आहे. मोठे आजारपण आले की लोक बांबोळीचे रुग्णालय गाठतात, आणि मोपा येथील विमानतळही बांद्याहून जवळ आहे.

१२. गावचे घर बंद आहे आणि सातबाऱ्यावर पणजोबांचे नाव आहे. आता काय करावे?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि त्यात लोकसंख्येची सारी कहाणी सामावलेली आहे. खातेदार मुंबईत वारला, वारसनोंद झाली नाही, मग मुलगे वारले, आणि आज पाच गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सामाईक नावे लागण्याची वेळ आली, असे शेकडो घरांत झाले आहे. कोणी बोरिवलीत, कोणी बडोद्यात, कोणी दुबईत. सर्वांच्या संमतीशिवाय संपूर्ण जमीन सहजासहजी वाटली जात नाही, विकली जात नाही आणि पडके घर नव्याने बांधण्यातही अडचण येते. म्हणून कौले कोसळतात, भिंतीचा चिरा पावसाने झिजतो आणि परसात रान माजते.

पहिले पाऊल म्हणजे मृत्यूचे दाखले आणि वंशावळ जमवून तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज करणे. त्यानंतर सहहिस्सेदारांच्या संमतीने तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. संमती नसल्यास दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावे वगळून केलेली नोंद पुढे अडचणीत येते, म्हणून ती आरंभीच लावावीत. गणपतीत सारी भावकी एकत्र असते. सह्यांसाठी त्याहून चांगला काळ वर्षात दुसरा नाही.

१३. जिल्ह्यातली विरळ वस्ती आणि किनाऱ्यावर बांधकाम करण्याचे नियम यांचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक वस्ती असलेल्या दाट भागासाठी भरतीरेषेपासून ५० मीटरचा, तर त्याहून विरळ भागासाठी २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र ठरतो. जिल्ह्याची सरासरी घनता १६३ आहे (प्रश्न २ पाहावा), त्यामुळे येथील बहुतेक ग्रामीण किनारा दुसऱ्या वर्गात मोडतो. आपल्या सर्व्हे नंबरला कोणता वर्ग लागू आहे हे मंजूर किनारा आराखड्यावरून तपासावे. याखेरीज, शेतकरी नसलेल्या व्यक्तीला महाराष्ट्रात शेतजमीन परवानगीशिवाय खरेदी करता येत नाही. ‘समुद्राला लागून स्वस्त जमीन’ अशी जाहिरात पाहून इसार देण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी तपासणे हिताचे आहे.

१४. सिंधुदुर्ग किल्ल्यात अजून लोक राहतात का?

होय, मोजकी कुटुंबे. १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी हा जलदुर्ग बांधावयास घेतला. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे गोडे पाणी भोवती खारा समुद्र असतानाही मिळते आणि त्यामुळेच तटाच्या आत वस्ती शक्य झाली. शिवराजेश्वर मंदिराची पूजाअर्चा आजही चालते. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद असतात.

१५. पुढच्या जनगणनेत आमची नोंद गावात करता येईल का?

पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी जाहीर झाली आहे. प्रश्न ५ मध्ये सांगितलेला नियम भावनेने बदलत नाही : मुंबईत राहणाऱ्याने गावच्या प्रगणकाला आपले नाव देऊ नये, कारण एक माणूस दोनदा मोजला गेला तर शाळा, दवाखाना आणि पाणीयोजना यांचे हिशेब चुकतात. मात्र निवृत्तीनंतर गावी येऊन राहिलेल्या, पण रेशनकार्ड आणि मतदान अद्याप मुंबईतच असलेल्या माणसांनी आवर्जून गावातच नोंद करावी. गणनेत प्रत्यक्ष वास्तव्य पाहिले जाते, रेशनकार्डाचा पत्ता नाही. घरयादीच्या वेळी ‘रिकामे’ आणि ‘वापरात असलेले पण कुलूपबंद’ या दोन नोंदी वेगळ्या असतात. ज्या शेजाऱ्यांकडे घराची किल्ली असते, त्यांना ही गोष्ट आधी सांगून ठेवावी, म्हणजे दरवर्षी चतुर्थीला उघडणाऱ्या घरावर रिकाम्या घराचा शिक्का बसणार नाही.